फाटा क्रमांक चार

कार्यालयात त्यांना पाठीमागे सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत आणि तोंडावर ‘ताई’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल तक्रार नव्हती. अंगानं काटकुळ्या, चालणं नाकासमोर, बोलणं मोजून-मापून. त्यात नगररचना विभागात आरेखक म्हणून एकतीस वर्षं रेघा मारण्यात गेलेली. अशा बाईला फूटपट्टी नाही म्हणायचं तर काय कर्कटक म्हणायचं, असं त्या एकदा स्वतःच म्हणाल्या होत्या. ऐकणारा इतका ओशाळला की पुढे आठवडाभर त्यांचा चहा तो स्वतः टेबलावर आणून ठेवत होता.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि हातात शेवटचं मोठं काम आलं होतं. शहरातून जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठानं सात किलोमीटरचा हरितमार्ग करायचा होता. एका बाजूनं सायकलींचा पट्टा, दुसऱ्या बाजूनं चालणाऱ्यांचा, मध्ये झाडांची रांग, आणि मोटारीला कुठूनही शिरकाव नाही. या मुख्य मार्गाला आजूबाजूच्या वस्त्यांमधून चार फाटे येऊन मिळायचे होते. मुख्य मार्ग मोठ्या साहेबांनी आखला. फाटे कुठून काढायचे ते ताईंवर सोपवलं.

मोठे साहेब म्हणजे विभागप्रमुख. पोटानं मोठे, हुद्द्यानं मोठे आणि मनानंही काही लहान नव्हते. त्यांचा एक सिद्धान्त होता आणि नवीन माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकून घ्यावा लागे. रस्ता कुठं हवा ते लोकांना विचारू नका, लोक काहीही सांगतात, जमीन बघा. जिथं गवत मेलंय तिथून लोक चालतात. पाय खोटं बोलत नाहीत.

म्हणून ताईंनी विमानातून काढलेली शहराची छायाचित्रं टेबलावर पसरली आणि भिंग घेऊन मेलेलं गवत शोधलं. पहिले तीन फाटे सापडायला दोन दिवस लागले. चौथा शोधावाच लागला नाही. कालव्यापासून निघून, बंद पडलेल्या साबण कारखान्याच्या आवारातून थेट एका वसाहतीच्या मागच्या भिंतीपर्यंत एक फिकट रेघ गेली होती. केसाएवढी बारीक, पण अखंड. लांबी सहाशे चाळीस मीटर.

ती रेघ ताईंना भिंगाशिवायही दिसली असती. त्या त्याच वसाहतीत राहत होत्या आणि त्याच वाटेनं एकोणीस वर्षं कार्यालयात येत-जात होत्या.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपल्या दाराशी रस्ता ओढून नेला असं कुणी म्हणायला नको, एवढंच त्यामागे होतं. वाट इतकी ठसठशीत पडली आहे म्हणजे आपल्या आधी आणि आपल्या मागून लोक जात-येत असणारच, हे त्यांनी फार पूर्वी गृहीत धरलं होतं. भेटत कुणी नव्हतं, पण खुणा होत्या. एकदा वाटेवर एक निळं बटण सापडलं होतं. एकदा ओल्या मातीत सायकलच्या चाकाचा ठसा. कारखान्याच्या पायरीवर एकदा शेंगांची टरफलं. बटण त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं होतं, कुणी विचारत आलं तर असावं म्हणून. वेळा जुळत नाहीत, एवढंच, माणसं आहेत. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या भिंतीच्या भगदाडातून आडव्या होऊन बाहेर पडत, आधी पर्स, मग उजवा खांदा, मग बाकीच्या स्वतः. आणि पायाखालची ती घट्ट, दीड फुटाची माती त्यांना रोज सांगत असे की तू एकटी नाहीस.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलायला रेडिओ होता. लांबच्या शहरातली धाकटी बहीण दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तोच प्रश्न विचारायची, की त्या ओसाड कारखान्यातून कशाला जातेस, बस आहे की. ताई सांगायच्या की ओसाड नाही गं, वहिवाट आहे. वहिवाट हा शब्द त्यांना आवडायचा.

चारही फाटे आराखड्यात आले. आता नियमाप्रमाणे मोजणी व्हायची होती. फाट्यावरून दिवसाला निदान साठ फेऱ्या होत असतील तरच तो पहिल्या टप्प्यात बांधायचा, नाहीतर नाही, असा दंडक होता. मोजायला माणसं बसवण्याचे दिवस गेले होते. वाटेच्या कडेला खांबावर कमरेच्या उंचीची एक राखाडी पेटी बांधायची; समोरून कुणी गेलं की ती एक आकडा टिपून घ्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. या पेट्या बांधणाऱ्या-सोडणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे पेटीवाला म्हणत. बुटका, बोलका, पन्नाशीचा गृहस्थ. कुणी गाणं म्हणायला सांगितलं की म्हणायचा, ही पेटी वाजत नाही, फक्त ऐकते.

सोमवारी सकाळी ताईंना कारखान्याच्या जुन्या दिव्याच्या खांबावर पेटी दिसली. त्या तिच्यासमोरून जरा ताठ होऊन गेल्या. आता कळेल, असं त्यांच्या मनात आलं. किती जण ते आता कळेल.

पुढच्या सोमवारी आकडे आले. कालव्याचा काठ, दिवसाला सरासरी अकराशे चाळीस. पहिला फाटा तीनशे बारा. दुसरा दोनशे पाच. तिसरा शहाण्णव. चौथ्या फाट्याच्या कागदावर सरासरी काढण्याची कुणी तसदीच घेतली नव्हती. सोमवार दोन, मंगळवार दोन, बुधवार तीन, गुरुवार शून्य, शुक्रवार दोन, शनिवार दोन, रविवार शून्य.

कागद ज्याच्या हातातून आला तो म्हणाला की पेटी बिघडलेली दिसते. सगळ्यांनाच तसं वाटलं. मोठ्या साहेबांनी आणखी एक आठवडा पेटी ठेवायला सांगितली आणि विषय संपला.

ताईंसाठी तो संपला नाही. त्यांनी वेळांचा रकाना पाहिला. नऊ दहा, सहा पाच. नऊ दहा, सहा चार. नऊ अकरा, सहा पाच. मग त्या उठल्या, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि उगाच खात्री करून घेतली. हातच्या कंकणाला आरसा कशाला. पण आरशात पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवण्याचाच त्यांना पगार मिळत होता. गुरुवारी त्या रजेवर होत्या. दात काढायला गेल्या होत्या.

त्या जागेवर येऊन बसल्या. छायाचित्र अजून टेबलावरच होतं. भिंग न घेता त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं. सहाशे चाळीस मीटर मेलेलं गवत. जातानाची आणि येतानाची मिळून, वर्षाच्या सुट्ट्या वजा करून, एकोणीस वर्षांच्या अकरा हजार फेऱ्या होत होत्या. हिशेब जमत होता. एवढ्या फेऱ्यांत एका माणसाचे पायही तेवढं गवत मारू शकतात. आपण स्वतःच्याच पावलांवर पावलं टाकत इतकी वर्षं चाललो आणि त्यालाच शेजार समजलो, हे त्यांना कळलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडत होतं.

एक गोष्ट उरत होती. बुधवार, तीन. तिसरी फेरी अकरा वाजून चाळीस मिनिटांची होती. त्या वेळी त्या कार्यालयात होत्या, याला आठ साक्षीदार होते.

पुढच्या बुधवारी त्यांनी दोन तासांची सवलत घेतली. कारण विचारल्यावर जागेची पाहणी असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. साडेअकराला त्या कारखान्याच्या आवारात पोचल्या. पेटीच्या समोरून जायचं नाही, उगाच आकडा वाढायला नको, म्हणून मागच्या बाजूनं वळसा घालून पायरीवर बसल्या. खणातलं निळं बटण त्यांनी सोबत आणलं होतं. का आणलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नसत्या ठिकाणी दिवसाउजेडी बसलेली बाई कशी दिसत असेल असं एकदा वाटलं; मग बघायला कोण आहे, असंही वाटलं.

अकरा अडतीसला कालव्याच्या बाजूनं पावलांचा आवाज आला. ताई उभ्या राहिल्या.

आला तो पेटीवाला. पाठीला पिशवी, हातात पेचकस. त्यांना पाहून तो दचकला, मग हसला. बुधवारी बॅटरी बघायला येतो, म्हणाला. जाताना पेटीसमोरून जातो, येताना मागच्या बाजूनं, नाहीतर स्वतःचीच दोनदा नोंद होते. एकदा तर होतेच, त्याला इलाज नाही.

“म्हणजे मागच्या बुधवारचे तिसरे तुम्ही,” ताई म्हणाल्या.

“मीच. का हो? कुणी दुसरं अपेक्षित होतं?”

ताईंनी बटण मुठीत धरलं होतं ते तसंच पर्समध्ये टाकलं. पेटीवाल्याच्या शर्टाची सगळी बटणं पांढरी होती, हे त्यांनी तोपर्यंत पाहून घेतलं होतं.

तो बडबड्या होता तसाच चाणाक्षही होता. पेटी उघडून त्यानं आकडे पाहिले, एकदा ताईंकडे पाहिलं, मग भिंतीच्या दिशेला, आणि त्याला जे समजायचं ते समजलं. काम करता करता, पाठ त्यांच्याकडे ठेवूनच, तो म्हणाला की पेटी मोठी भोळी असते. तिला माणूस कळत नाही, फेरी कळते. एक माणूस साठ वेळा गेला काय आणि साठ माणसं एकेकदा गेली काय, तिला सारखंच.

“माझ्या मेव्हण्याच्या गल्लीत असंच झालं. तिथल्या पोरांनी सायकली काढल्या आणि दिवसभर पेटीसमोर घिरट्या घातल्या. झाला की रस्ता. आता त्याच रस्त्यावर खरोखर लोक चालतात. आधी रस्ता की आधी माणसं, सांगा बघू.”

ताई म्हणाल्या की नियमात फेऱ्या लिहिलंय, पण अर्थ माणसं असा आहे.

“अर्थ पेटीत बसत नाही, ताई,” पेटीवाला म्हणाला आणि झाकण लावून मागच्या बाजूनं निघून गेला.

पुढचे तीन दिवस ते वाक्य कानात राहिलं. फाटा रद्द झाला तर काय होईल ते ताईंना इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. कारखान्याची जागा शहराच्या मालमत्ता विभागाच्या ताब्यात आली होती आणि ज्या जागेला उपयोग नाही तिला कुंपण, हा त्या विभागाचा धर्म होता. एकदा कुंपण पडलं की वाट संपली. मग हमरस्त्यानं अडीच किलोमीटरचा वळसा, मोटारींच्या धुरातून. पण खरं सांगायचं तर त्यांना वळशाचं भय नव्हतं. साऱ्या शहराच्या नकाशावर त्यांच्या पायांनी उमटलेली अशी ती एकच रेघ होती. हातांनी मारलेल्या रेघा हजारो होत्या, आणि त्या सगळ्या दुसऱ्यांसाठी.

रविवारी सकाळी सात वाजता त्या भगदाडातून बाहेर पडल्या आणि चालायला लागल्या.

नुसतं पेटीसमोर वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे करून काम भागलं असतं. ते त्यांना पटेना. लबाडी करायची तर ती तरी नीट करावी, म्हणून त्या पूर्ण वाट चालत होत्या. भिंतीपासून कालव्यापर्यंत, कालव्यापासून भिंतीपर्यंत. पहिल्या चार फेऱ्या बऱ्या गेल्या. पाचव्या फेरीला एक कुत्रं सोबत आलं, पण पेटीचा डोळा कमरेच्या उंचीवर असल्यामुळे त्याची नोंद झाली नाही. सहाव्या फेरीला तेही कंटाळून गेलं. आठव्या फेरीनंतर त्या मनातल्या मनात माणसं घालू लागल्या. ही फेरी निळ्या बटणाच्या माणसाची. ही शेंगा खाणाऱ्याची. ही सायकलवाल्याची, म्हणून जरा भरभर. अकराव्या फेरीपर्यंत माणसं संपली. पुढची फेरी कुणाची ते ठरवता येईना. आईची म्हणावी तर आईला गुडघेदुखी होती, ती या वाटेनं एकदाही आली नव्हती.

चौदावी फेरी संपवून त्या भिंतीपाशी आल्या तेव्हा उजव्या पायात गोळा आला होता. भिंतीला टेकून त्या पोटरी चोळत असताना वरून आवाज आला.

“काही हरवलंय का हो?”

वसाहतीतल्या शेवटच्या रांगेची मागची बाजू भिंतीपलीकडे उभी होती. खालच्या मजल्यांच्या खिडक्या भिंतीवरून जेमतेम वर डोकावत. त्यातल्या हिरव्या गजांच्या एका खिडकीत पांढऱ्या केसांची बाई बसली होती. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. ताईंनी ही खिडकी एकोणीस वर्षं पाहिली असणार, पण मान वर करून कधी पाहिली नव्हती. नाकासमोर चालणाऱ्याला खिडक्या दिसत नाहीत.

नाही, काही हरवलं नाही, असं त्या म्हणाल्या.

“मग सकाळपासून ही ये-जा कसली? चौदा वेळा झाली.”

ताईंचाही आकडा चौदाच होता. आपल्या मोजणीशी दुसऱ्या कुणाची मोजणी इतकी अचूक जुळल्याचं त्यांना गेल्या कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. त्या नकळत खिडकीच्या दिशेनं दोन पावलं सरकल्या.

बाई निवृत्त कंपाउंडर होत्या. चौतीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधल्या, बाटल्यांवर खुणा केल्या. वसाहतीत अजून सगळे कंपाउंडरबाईच म्हणतात. मुलगा दूर असतो. दिवसातून दोन गोळ्या असतात, एक सकाळची, एक संध्याकाळची, आणि वेळ चुकवायची नसते. घड्याळ बघायचं तर आधी चष्मा चढवावा लागतो.

“तुम्ही मात्र चष्म्याशिवायही दिसता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेलात की सकाळची घेते. आलात की संध्याकाळची. रविवारी तेवढा चष्मा चढवते. आणि काय हो, परवाच्या त्या गुरुवारी कुठं होतात? वाट बघत बसले आणि माझी गोळी राहिली ती राहिलीच.”

“दात काढायला गेले होते.”

“बघा म्हणजे. दात तुमचा आणि रक्तदाब वाढला माझा.”

ताईंना हसू आलं. हसताना पोटरीतला गोळा पुन्हा चढला आणि त्यांनी भिंत धरली. मग त्यांनी आरेखक म्हणून विचारावा तसा प्रश्न विचारला. या रांगेतलं कुणी या वाटेनं का येत नाही? कालवा दहा मिनिटांवर आहे, सावली आहे, मोकळी हवा आहे.

कंपाउंडरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं जसं औषधाच्या बाटलीवरची खूण न वाचताच सगळं पिऊन टाकणाऱ्याकडे पाहावं. त्या म्हणाल्या, या बारा घरांत मिळून तीन काठ्या आहेत, एक चाकांची खुर्ची आणि दोन बाळांच्या गाड्या. सायकली सहा, त्या जिन्याखाली गंजतायत.

“त्यातलं काय जाईल त्या भगदाडातून? तुम्ही पर्स आधी ढकलता ते बघूनच मला धाप लागते. आमच्यात म्हणतात सगळे, ही वाट त्या बारीक बाईंची. बाकीच्यांनी खिडकीतून बघायची.”

पंधरावी फेरी झाली नाही. ताई घरी आल्या. संध्याकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा पाय का दुखतायत ते त्यांनी सांगितलं नाही. वहिवाट हा शब्दही त्या दिवशी त्यांच्या तोंडून आला नाही.

मंगळवारी बैठक झाली. लांब टेबल, बारा माणसं, बारा पेले, भिंतीवर आराखडा. पहिले तीन फाटे दहा मिनिटांत पार पडले. चौथ्याशी मोठे साहेब थांबले.

“छायाचित्रात वाट दिसते. पेटीत माणूस दिसत नाही. आणि या रविवारी एकदम चौदा. पाय खोटं बोलत नाहीत, पेटीही बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय?”

“कुणीच नाही,” ताई म्हणाल्या. “ती वाट माझी आहे.”

“तुमची म्हणजे?”

“त्या वाटेनं मी एकटीच जाते. एकोणीस वर्षं. रविवारचे चौदाही मीच. ते वजा करा.”

टेबलाच्या दूरच्या टोकाकडून कुणीतरी हळूच म्हणालं की फूटपट्टीनं थेट जमिनीवरच रेघ मारली की. सगळे हसले, आणि हसण्यात वाईट काही नव्हतं. ताईसुद्धा हसल्या. मग त्या उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत बैठकीत उभं राहून बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी भिंतीतल्या भगदाडाची रुंदी सांगितली, दोन वीत. काठ्या, खुर्ची, गाड्या, जिन्याखालच्या सायकली, सगळं आकड्यांत सांगितलं. वसाहतीत एकसष्ट घरं आहेत. तिथं कुणी चालत नाही याचं कारण चालायची इच्छा नाही हे नसून तिथं बाहेर पडायला दार नाही हे आहे, असं म्हणाल्या. आपण मोजणी केली ती वाटेची. मोजायला हवी होती ती भिंत.

मोठ्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मुद्दा चांगला आहे, म्हणाले. मनापासून म्हणाले. पण साठचा दंडक त्यांनी केलेला नव्हता आणि मोडायचा अधिकार त्यांना नव्हता. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं तर बारा मुखं होती, पण अकरांना जेवायला जायचं होतं. सगळं नोंदवून घ्या, असं सांगून साहेबांनी पुढचा विषय घेतला.

नोंद झाली. इतिवृत्तात दोन ओळी आल्या. पहिली, फाटा क्रमांक चारचा वापर नगण्य असल्याने दुसऱ्या टप्प्यात विचार व्हावा. दुसरी, सदर जागेच्या भिंतीस भगदाड असल्याचे निदर्शनास आले, मालमत्ता विभागाने आवश्यक ती कार्यवाही करावी.

ताईंनी दुसरी ओळ दोनदा वाचली आणि त्यांना बरं वाटलं. निदान भगदाड कागदावर आलं. आराखड्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं चौथ्या फाट्याची सलग रेघ पुसली आणि तिथं तुटक रेघ मारली. तुटक रेघ म्हणजे दुसरा टप्पा. कपाटाच्या तळच्या खणात असे दुसरे टप्पे ढिगानं होते. त्यांतले काही तर ताईंच्या आधी नोकरीला लागलेले होते.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ही म्हण खोटी ठरल्याचं ताईंनी सबंध नोकरीत एकदाच पाहिलं. बैठकीनंतर नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्या भिंतीपाशी आल्या आणि पर्स पुढे करताना ती विटेला लागली.

भगदाड बुजलं होतं. ताज्या विटा, ओलं सिमेंट, थरांची पातळी एकदम सरळ. काम चांगलं होतं, हे त्यांनी आधी पाहिलं. तो सवयीचा भाग होता. जे भगदाड एकोणीस वर्षं कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं ते त्यांनी उभं राहून, वीत मोजून, बारा लोकांना सांगितलं होतं. करायला गेले एक आणि झालं एक. भिंतीला हात लावून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. पलीकडे त्यांच्या पायांची वाट होती, आणि आता तिच्यावर कुणीच चालणार नव्हतं, म्हणजे पूर्वीपेक्षा फक्त एक माणूस कमी.

मग त्या उलट्या फिरल्या, वसाहतीच्या पुढच्या फाटकातून हमरस्त्याला लागल्या. पहिल्या सिग्नलपाशी माणसांची गर्दी होती, शंभरएक तरी असतील. सगळे रस्त्याकडे बघत उभे होते. ताईंनी मनगटावर पाहिलं. नऊ दहा. हिरव्या गजांची खिडकी त्यांना तेव्हा आठवली.

त्या दिवशी त्या कार्यालयात वीस मिनिटं उशिरा पोचल्या. नोकरीतला पहिला उशिराचा शेरा मोठे साहेब मारू देईनात, पण ताईंनी तो हट्टानं मारून घेतला.

संध्याकाळी वसाहतीत शिरेपर्यंत सहा अठ्ठावीस झाले. त्यांची रांग दुसरी होती. त्या ती ओलांडून पुढे गेल्या, तिसरी, चौथी, आणि शेवटच्या रांगेशी थांबल्या. इथं एक अडचण निघाली. खिडकी त्यांना मागच्या बाजूनं माहीत होती, भगदाडापासून सातवी. पुढच्या बाजूनं दार कोणतं ते माहीत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात नकाशा उलटा केला. मागून डावीकडून सातवी म्हणजे पुढून उजवीकडून सातवं. दारावर नुसता एक आकडा होता. ओळखीचं नाव नव्हतं, कारण नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

घंटा वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही. आत दिवा लागला. मग लांबच्या खोलीतून, खिडकीकडच्या, काठीचा आवाज निघाला. फरशीवर एक ठोका, मग पाय ओढल्याचा आवाज, मग दुसरा ठोका.

पर्स दोन्ही हातांत धरून ताई दारासमोर उभ्या होत्या. तीन. चार. पाचव्या ठोक्याला आतून कुणीतरी कुरकुरलं की आले, आले, आज अर्धा तास उशीर. सहा. सात.

ताई मोजत राहिल्या.